कनोरा ते व्हर्नन, घर मागे बांधून

१० जून, सोमवार. कनोरा

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. रोज संध्याकाळी वहीत नोंद करायची: किती किलोमीटर, किती पोरं, काय कुरकुरलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण जित्याची खोड. म्हणून या प्रवासाचीही वही. ॲडलीननं आणली आहे ती रुंद ओळींची, पहिलीच्या पोरांना देतात तशी, आणि सोबत जाड काळं पेन. म्हटलं, दुकानातली बारीक पेनं संपली का? म्हणाली, "तुझं अक्षर शेवटी मलाच वाचावं लागतं. अठ्ठावीस वर्षं पोस्टात लोकांची गिचमिड वाचली, आता तरी सुटका कर." बायकोच्या तोंडाला लागण्यात अर्थ नसतो.

परवा निघायचं. बावीस तारखेला नातीचं, टेसाचं लग्न. व्हर्ननला, नवऱ्या मुलाच्या सफरचंदाच्या बागेत. पाहुण्यांनी गाड्या खाली तळ्याकाठी लावायच्या आणि तिथून बागेतल्या कच्च्या रस्त्यानं वर मांडवापर्यंत जुन्या पिवळ्या स्कूलबसमधून जायचं. बस त्यांच्या बागेचीच, फळं तोडणाऱ्या माणसांची ने-आण करायची. तीन किलोमीटर, सात वळणं, एका अंगाला उतार. टेसानं नाताळातच सांगून टाकलं, "आजोबा, मांडवात मला तूच न्यायचंस." चाळीस पाहुणे आणि नवरी. तेव्हापासून मी अंथरुणात पडल्या पडल्या ती वळणं घेतो आहे.

विमानानं या, असं आमची मुलगी मार्सी म्हणत होती. विमानात स्वतःची उशी मिळते का? आमचा एकोणीस फुटी ट्रेलर पिकअपच्या मागे जोडला की पलंग, चूल, मोरी, सगळं घरच निघतं. सव्वीस वर्षांत त्यानं आम्हाला एकदाही रस्त्यात टाकलेलं नाही.

ॲडलीननं लग्नाच्या पावावर बसवायची पिठाची कबुतरं आधीच भाजून ठेवली आहेत, चाळीस नग, एकाची चोच दुसऱ्यासारखी नाही. पाव तिथे जाऊन भाजणार. या बाईला इतकं सगळं कधी जमतं कळत नाही. त्यात या वसंतात कर्लिंग क्लबच्या कमिटीचं काम मागे होतंच. दर संध्याकाळी शेजारच्या फ्लॉइडबरोबर बैठक, आणि जाताना पिकअप घेऊन. फ्लॉइड पूर्वी मालट्रकवर होता. एकदा तर ट्रेलरही जागेवर नव्हता, धुवायला नेला म्हणाली. घरी यायची ती हाताला ग्रीस लावून. बर्फावर दगड सरकवायचा खेळ, बर्फ वितळल्यावर त्याची कमिटी काय करते आणि तिला ग्रीस कशाला लागतं, हे मी विचारलं नाही. तिच्याही काही गोष्टी असतील.

१२ जून, बुधवार. किंडर्सली

पाचशे किलोमीटर. निघताना ट्रेलर मी जोडला. जोडणाऱ्याशी त्या वेळी कुणी बोलायचं नाही, आणि दुसऱ्यानं मागून सगळं तपासायचं, हा आमच्या घरचा कायदा. ॲडलीननं दोनदा तपासलं. हुकाची खीळ घातलेली नव्हती. मी घालणारच होतो.

वाटेत एक नवीनच त्रास. आजवर ही गाडीत मुकाट विणत बसायची. आज सुया खाली ठेवल्या आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागली, तीही मोठ्यानं. "पुढे रोझटाउन, वीस किलोमीटर." "वेग साठ." "पुढं काम चालू आहे, झेंडा घेऊन मुलगी उभी आहे." म्हटलं, मला दिसतंय. म्हणाली, "दिसत असेल, पण मला वाचायला मजा येते." शाळेत नव्यानं अक्षरओळख झालेली पोरं दुकानांच्या पाट्या वाचतात, तसं.

आणि चार वाजले की मुक्काम. म्हणे पाय सुजतात. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, दोनशे किलोमीटर आणखी झाले असते. पण म्हातारपण कुणाला चुकलंय.

रात्रीचं पिरोगीचं जेवण उत्तम. दोन फुटांच्या ओट्यावर तिनं सोळा पिरोगी लाटून, बटाटा भरून उकडल्या.

१३ जून, गुरुवार. ड्रमहेलर

आल्बर्टातली कामं म्हणजे नुसता आनंद आहे. कॅम्पातले विजेचे खांब सगळे मधेच वाकलेले. सरकारी ठेकेदार, दुसरं काय. न्हाणीघरातल्या फरशाही लाटेसारख्या बसवल्यात. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेतलं तर मधली घरं पुसट, शाई वाचवतात. ॲडलीनला हे सगळं सांगितलं. ती खांबाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग म्हणाली, "कुठले खांब, नेस्टर?" म्हटलं, हे काय समोर.

खरं सांगायचं तर मला तिची काळजी वाटायला लागली आहे. पाट्या वाचणं. समोर सरळ खांब आणि वाकडा खांब यातला फरक न कळणं. मार्चमध्ये न विचारता माझ्याच डोळ्यांच्या तपासणीची वेळ घेऊन ठेवली होती, तेव्हा तळ्यावर मासे लागत होते म्हणून मी ती रद्द केली, तर दोन दिवस बोलली नव्हती. हे तिचं वागणं नव्हे. तिच्या आईचंही पंचाहत्तरीत डोकं असंच हळूहळू गेलं. व्हर्ननला पोचल्यावर मार्सीला एकटीला गाठून सांगावं लागेल: आईकडे लक्ष ठेव.

लिहिताना वाईट वाटलं. शेहेचाळीस वर्षं मी या बाईच्या जिवावर निर्धास्त गाडी हाकली आहे.

१५ जून, शनिवार. गोल्डन

आजची नोंद टाळावीशी वाटत होती, पण लिहितो.

घाट उतरून चारला कॅम्पात आलो. मिळालेल्या जागेत ट्रेलर उलटा घालायचा होता. हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. चाक उजवीकडे फिरवावं तर ट्रेलर डावीकडे जातो, आणि शेजारपाजारचे खुर्च्या काढून गंमत बघायला बसतात. आमची रीत ठरलेली. ॲडलीन नारिंगी जाकीट घालून मागे, माझ्या आरशात दिसेल अशी उभी राहते. एक हात वर म्हणजे ये, दोन्ही आडवे म्हणजे थांब. आणि ती आरशातून गेली की मी थांबायचं, मग कुणी काही म्हणो.

आरशात ती होती. पाण्याच्या नळापाशी, हात वर. मी येत राहिलो. तेवढ्यात शेजारची बाई ओरडत धावली आणि ट्रेलरच्या अंगावर धडाधड हात आपटायला लागली. मी ब्रेक मारला. उतरून मागे गेलो तर ॲडलीन जमिनीवर गुडघे टेकून एक ओंडका बाजूला सारत होती. बंपर आणि तिची पाठ यांच्यामध्ये ही वही उभी राहिली असती, एवढीच जागा.

जाकीट नळाच्या खांबावर टांगलेलं होतं. उकडत होतं म्हणून तिनं काढलेलं.

मी घाबरलो, आणि म्हणून ओरडलो. सगळ्यांसमोर. "आरशातून बाहेर कशाला गेलीस? अक्कल गहाण टाकलीस का?"

ती गुडघे झटकत उठली. म्हणाली, "मी आरशात नसले की तू थांबतोस. म्हणून गेले." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "चुकलंच माझं. जाकीट तिथं टांगायला नको होतं."

चूक कबूल करणं हा तिचा मोठेपणा. लांबून टांगलेलं जाकीट माणसासारखंच दिसतं, कुणालाही दिसेल. शेजारची ती बाई, जिनेट तिचं नाव, क्वेबेकची आहे, ती मात्र माझ्याकडे विचित्र बघत होती. ॲडलीननं तिला चहाला बोलावलं आणि दोघी बराच वेळ हळू बोलत बसल्या.

१६ जून, रविवार. गोल्डन

सकाळी टोपी राहिली म्हणून पिकअपमध्ये जाऊन बसलो. सहज आरशात बघितलं तर ॲडलीन नळापाशी उभी होती, नारिंगी जाकीट घालून. काच खाली करून म्हटलं, "येताना बादली भरून आण गं."

"मी इथं आहे, नेस्टर," ती म्हणाली. माझ्या खिडकीशी. हातात कॉफीचे दोन कप.

मी पुन्हा आरशात बघितलं. ती तिथंही होती. चेहरा होता, टोपी होती, वर केलेला हात होता.

कॉफी घेतली. ती आत गेली. मग मी बसल्या बसल्या डावा डोळा झाकला आणि समोरच्या विजेच्या खांबाकडे बघितलं. मधेच वाकडा, आणि वाकलाय तिथे एक करडा डाग. उजवा झाकला. खांब जवळजवळ सरळ. पाच-सहा वेळा करून पाहिलं. आल्बर्टातला ठेकेदार बिचारा.

आज पुढे निघालो नाही. दुपारी ती बटाटे सोलत होती तेव्हा सांगितलं. एकदम धक्का नको म्हणून आधी हवेबद्दल बोललो, मग फ्लॉइडच्या पाठदुखीबद्दल, मग म्हटलं, "ॲडलीन, मला वाटतं माझ्या उजव्या डोळ्यात काहीतरी बिघाड आहे. आणि डाव्याचंही फार बरं नाही." तिनं बटाटा पाण्यात टाकला. म्हणाली, "बरं. उद्याचा घाट मी चालवते. परत गेल्यावर डॉक्टर."

रडणं नाही, आरडाओरडा नाही. काय धीराची बाई आहे. आणि मी चार दिवस तिच्याच डोक्याबद्दल शंका घेत होतो. लाज वाटते म्हणून इथे लिहून ठेवतो.

१७ जून, सोमवार. रेव्हलस्टोक

जन्मात पहिल्यांदा मी उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. हातांचं काय करायचं ते कळेना, शेवटी तिचं विणकाम मांडीवर घेऊन बसलो.

आधी तिनं सीट पुढे घेतली, मग तिन्ही आरसे बसवले, मग ट्रेलरचा ब्रेक हातानं दाबून बघितला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की आपण कुणाच्या शेजारी बसलो आहोत. रॉजर्स पास घाटाचा उतार सुरू व्हायच्या आधीच तिनं गिअर खाली घेतला, उतारावर नव्हे, आधी. बर्फ अडवायच्या बोगद्यांत शिरताना दिवे लावले. मागून मालट्रकांची रांग लागली तेव्हा घाबरून वेग वाढवला नाही, जागा मिळाली तशी बाजूला थांबून सगळ्यांना जाऊ दिलं, आणि एका ड्रायव्हरनं भोंगा वाजवून आभार मानले. मला एकतीस वर्षांत असे भोंगे मोजकेच मिळाले.

"हे कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

"शेहेचाळीस वर्षं शेजारी बसले होते ना तुझ्या."

शेजारी बसून गुण लागतो म्हणतात ते काही खोटं नाही.

इथल्या कॅम्पात तिनं ट्रेलर एका दमात उलटा घातला. मी मागे उभा होतो, पण मला हात वर करायचीही वेळ आली नाही. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना सांगितलं, माझी बायको आहे. दोनदा सांगितलं बहुतेक.

पिकअप तिच्याकडेच राहू दे, मला काही वाटत नाही. बसची गोष्ट वेगळी. बस उंच असते, काच मोठी असते. तीन किलोमीटर, बागेतला खासगी रस्ता, समोरून गाडी येत नाही. ती वळणं मला पाठ आहेत. टेसाला शब्द दिलाय. ॲडलीनला तसं म्हटलं. ती म्हणाली, "टेसा तुझी नात आहे. तिला काय सांगायचं ते तूच ठरव."

किती विश्वास टाकते माणसावर.

१८ जून, मंगळवार. व्हर्नन

पोचलो. मार्सी रडली, मग लगेच जेवायला वाढलं. ट्रेलर बागेत अक्रोडाखाली लावला, ॲडलीननंच. नवरा मुलगा डेव्हिन लांबलचक पोरगा आहे, हात मिळवताना सगळा हात मिळवतो. मला आवडला.

बस कोठारापाशी उभी आहे. माझ्या जुन्या बसपेक्षा दोन वर्षांनीच लहान. टेसानं मला हाताला धरून नेलं. "आजोबा, बघ तुझी राणी." टायर दाबून बघितले, दाराची कळ ओढून बघितली. वास तोच: रबर, धूळ, कुणाचं तरी सांडलेलं दूध.

मार्सीला एकटीला गाठून सांगायचं होतं ते अर्थात आता सांगितलं नाही.

२० जून, गुरुवार. व्हर्नन

काल काही लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ठरवावं लागलं असतं.

काल तो रस्ता पायी चढलो. सात वळणं. चौथ्या वळणावर झाड आहे की माणूस उभा आहे हे मला दहा पावलांवर जाईपर्यंत कळलं नाही. झाड होतं. तरी खाली येताना मनाशी म्हटलं, सावकाश नेईन.

आज संध्याकाळी टेसा म्हणाली, रंगीत तालीम करू. तिच्या मैत्रिणी, मावसभावंडं, मार्सी, डेव्हिन, सगळे हसत-खिदळत बसमध्ये चढले. ॲडलीन पहिल्याच बाकावर, माझ्या पाठीशी. मी माझ्या जागेवर बसलो. टेसानं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझ्या डोक्यावरच्या टोपीचा मुका घेतला.

बस सुरू करण्यापूर्वी डोक्यावरच्या मोठ्या आरशात बघून माणसं मोजायची. बर्फ असो, उशीर झालेला असो, मोजल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. एकतीस वर्षांत माझी मोजणी एकदाही चुकली नाही. मी मोजली. अकरा.

"अकरा जण," मी म्हटलं.

"चौदा आहोत, आजोबा," टेसा म्हणाली.

पुन्हा मोजली. बारा. तिसऱ्यांदा मोजली नाही. मागे कुणीतरी हसलं, त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

आरशात न दिसलेली माणसं घेऊन गाडी हलवायची नसते. हे मी नव्या ड्रायव्हरांना शिकवत आलो. गोल्डनला मी ॲडलीनला नसलेल्या जागी पाहिलं आणि असलेल्या जागी पाहिलं नाही. तिथे मध्ये पडायला एक जिनेट होती. चौथ्या वळणावर कुणी असणार नव्हतं.

मी उठलो. सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिलो. म्हटलं, "टेसा, माझे डोळे गेलेत. सगळे नाहीत, पण बस चालवण्याएवढे गेलेत. मी तुला मांडवात नेऊ शकत नाही." आणि किल्ली तिच्या हातात दिली. आवाज बरा निघाला. मग पायरीवर जाऊन बसलो.

टेसा येऊन शेजारी पायरीवर बसली, पांढऱ्या विजारीची पर्वा न करता. म्हणाली, "मग तू माझ्या शेजारी बस. पहिल्या बाकावर. ड्रायव्हरला काही नवरीचा हात धरता येत नाही."

ॲडलीन बसच्या पुढच्या काचेवरचे डाग रुमालानं पुसत होती. त्या काचेवर डाग नव्हते, एवढं मलाही दिसत होतं.

२३ जून, रविवार. व्हर्नन

आज अक्षर ॲडलीनचं, शब्द माझे. माझ्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या आहेत.

लग्न झालं. मी पहिल्या बाकावर खिडकीशी बसलो, टेसा शेजारी, तिच्या झग्यानं माझे दोन्ही गुडघे झाकले. सातही वळणांवर तिनं माझा हात घट्ट धरला होता. ती घाबरली होती, बसला नव्हे, लग्नाला. मी तिला सांगितलं की आमच्या लग्नात मीही घाबरलो होतो आणि तुझी आजी त्या दिवशी माझ्या आधी चर्चमध्ये पोचून वाट बघत बसली होती. ती हसली. बस चालवत असतो तर हे काही बोलणं झालं नसतं. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटीच असते.

मांडवाच्या दाराशी आमच्या रीतीप्रमाणे ॲडलीननं आणि मी मिळून त्यांच्यापुढे पाव आणि मीठ धरलं. ॲडलीनचा पाव तीन थरांचा, वर कबुतरं. लोक आधी पावाचे फोटो काढत होते, मग नवरीचे. डेव्हिननं मीठ जास्त लावून घेतलं आणि डोळ्यांत पाणी आलं, ते मिठानं असं तो म्हणतो.

आता बसची गोष्ट. माझ्यामुळे ऐन वेळी खोळंबा होणार या काळजीनं मला दोन दिवस घास गेला नव्हता. पण नशीब बघा. डेव्हिनची एक मावशी इथेच व्हर्ननला शाळेची बस चालवते, बावीस वर्षं, आणि नेमकी त्या दिवशी ती मोकळी होती. झकास चालवली. चौथ्या वळणाला थोडी आत गेली, पण ठीक आहे. निघायच्या आधी आरशात बघून तिनं सगळ्यांना मोजलं. मी तिच्या हातात हात देऊन सांगितलं, बाई, तुम्ही देवासारख्या भेटलात. ॲडलीन, हे लिहिलंस का? देवासारख्या. हो, तसंच लिही.

परवा निघू. ॲडलीन चालवेल. आता झोपतो.

तो आत झोपला आहे. वर सगळं त्यानं सांगितलं तसं लिहिलं. एवढ्या चार ओळी माझ्या. मागची पानं मी उलटली नाहीत, ती त्याची आहेत.

डेव्हिनच्या मावशीला मी एप्रिलमध्येच फोन केला होता, आणि टेसालाही. त्याला कुणी काही विचारायचं नाही, तो स्वतः सांगेल, असं मी दोघींना बजावलं होतं. टेसानं विचारलं, "आजी, आणि नाहीच सांगितलं तर?" तेव्हा मी म्हटलं, तू त्याला ओळखत नाहीस. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ भिंतीला टेकून उभी होते. गोल्डननंतर तर माझीही खात्री उरली नाही. म्हणून बुधवारी मी डेव्हिनला सांगून बसच्या बॅटरीची तार काढून ठेवली. गुरुवारी नेस्टरच्या पाठीमागे बसले होते तेव्हा ती तार माझ्याच पर्समध्ये होती.

त्यानं किल्ली फिरवलीच नाही.